उत्पन्नाची अट आणि कायम वास्तव्याचा हक्क : ब्रिटनमधील कुशल स्थलांतरितांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाच्या आयुष्यात दोन परवाने निर्णायक ठरतात. पहिला प्रवेशाचा आणि दुसरा कायम वास्तव्याचा. पहिल्या परवान्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. वृत्तपत्रांतील बातम्या, संगणक कंपन्यांची निवेदने, दोन्ही देशांच्या सरकारांमधील वाटाघाटी या सर्वांचा रोख बहुधा त्याच्याकडेच असतो. दुसऱ्या परवान्याची चर्चा मात्र ज्यांच्यावर वेळ येते त्यांच्या घरापुरतीच राहते. वस्तुतः पहिल्या परवान्याने माणूस कामगार म्हणून त्या देशात शिरतो आणि दुसऱ्याने तो तेथील रहिवासी होतो. या दोहोंच्या मधली चार-पाच वर्षे तो कर भरतो, मुले शाळेत घालतो, क्वचित घरही घेतो; परंतु आपण येथे राहणार की नाही हे त्याला ठाऊक नसते. या मधल्या काळात शासन त्याला कोणत्या मापाने मोजते, हा केवळ प्रशासकीय तपशील नाही.

प्रस्तुत निबंधात या मापांपैकी एकाचा, म्हणजे उत्पन्नाच्या अटीचा, इतिहास ब्रिटनच्या संदर्भात तपासला आहे. ब्रिटनची निवड दोन कारणांनी केली आहे. कुशल कामगार म्हणून तेथे जाणाऱ्यांत भारतीयांचा वाटा दीर्घकाळ सर्वांत मोठा राहिला आहे. मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेले डॉक्टर आणि पुढे याच शहरांतील संगणक अभियंते त्यात आहेतच. दुसरे कारण असे की, तेथे ही अट अनेकदा बदलली गेली आणि त्या बदलांना न्यायालयांत आव्हान दिले गेले. त्यामुळे एरवी फायलींत दडून राहणारी शासनाची भूमिका निकालपत्रांतून उघड झाली. उत्पन्न हे कौशल्याचे माप मानावे की नाही, हा या वादाचा वरचा थर होय. त्याखाली अधिक मूलभूत प्रश्न आहे : माणसाला बोलावताना जे माप सांगितले, ते तो येऊन राहिल्यानंतर बदलता येते काय?

पूर्वपीठिका : तिकिटाचा वर्ग आणि पदवीचा दाखला

परक्या माणसाच्या खिशाकडे पाहण्याची पद्धत ब्रिटिश कायद्यात नवी नाही. १९०५ च्या परकीय नागरिक कायद्याने जे ‘अनिष्ट’ स्थलांतरित ठरवले, त्यांत स्वतःचा व कुटुंबाचा सभ्यपणे निर्वाह करण्याचे साधन ज्याच्यापाशी नाही किंवा ते मिळवण्याच्या स्थितीत जो नाही, अशा माणसाचा समावेश होता. या कायद्यान्वये तपासणी होत असे ती जहाजातील सर्वांत स्वस्त वर्गाने येणाऱ्या प्रवाशांची. केबिनचे भाडे भरून येणाऱ्याला हा प्रश्न विचारला जात नसे. भाड्याची पावती हीच त्याच्या सांपत्तिक स्थितीची साक्ष मानली जाई. हा तपशील लहान असला तरी बोलका आहे. मात्र येथे अपेक्षित होते ते केवळ किमान निर्वाहाचे साधन. आलेला माणूस सार्वजनिक खर्चावर भार होऊ नये, एवढाच त्यामागील हेतू होता. त्याच्या मिळकतीवरून त्याची योग्यता ठरवण्याची कल्पना अजून आलेली नव्हती. शिवाय हिंदुस्थानातील लोक बादशहाचे प्रजाजन असल्याने कायद्याच्या दृष्टीने ते परकीयच नव्हते.

ती स्थिती १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतरित कायद्याने पालटली. या कायद्याने राष्ट्रकुलातून कामासाठी येणाऱ्यांकरिता तीन प्रकारची रोजगारपत्रे सुरू केली. ‘अ’ वर्ग नोकरी निश्चित झालेल्यांसाठी, ‘ब’ वर्ग मान्यताप्राप्त पात्रता किंवा कौशल्य असणाऱ्यांसाठी आणि ‘क’ वर्ग इतरांसाठी होता. १९६४ मध्ये ‘क’ वर्गाची पत्रे देणे थांबले. १९६५ च्या श्वेतपत्रिकेने एकूण वार्षिक मर्यादा ८,५०० वर आणली आणि त्यातील १,००० पत्रे माल्टासाठी राखून ठेवली. भारतीय डॉक्टर, शिक्षक, शास्त्रज्ञ आले ते मुख्यतः ‘ब’ वर्गातून. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला त्यांची निकड होती.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ‘ब’ वर्गात माप होते ते पदवीचे. तिकडे जाऊन डॉक्टरला किती पगार मिळणार, हे कोणी विचारीत नव्हते. पत्र घेऊन आलेल्या माणसाच्या राहण्यावर मुदतीचे बंधन नव्हते आणि पाच वर्षे सामान्यतः वास्तव्य केल्यानंतर त्याला या कायद्याखाली हद्दपारही करता येत नसे. म्हणजे प्रवेश आणि स्थायिक होणे या दोन पायऱ्या जवळजवळ एकच होत्या.

त्या वेगळ्या झाल्या १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याने. १ जानेवारी १९७३ पासून अमलात आलेल्या या कायद्याने राष्ट्रकुलातील कामगारालाही वर्क परमिट घेणे भाग पाडले. मालकाच्या नावाने मिळणारा हा परवाना मुदतीचा असे आणि चार वर्षे पूर्ण झाल्यावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येत असे. त्या वेळी मुख्य प्रश्न विचारला जाई तो मालकाला : हा माणूस तुम्हांला अजून हवा आहे काय? मालकाने होय म्हटले आणि अन्य काही गैर आढळले नाही, की काम होई. पगाराचा ठरावीक आकडा कायम वास्तव्यासाठी सांगितलेला नव्हता. ही व्यवस्था मालकाच्या मर्जीवर विसंबलेली होती, हा तिचा दोष उघडच आहे. तथापि तिच्यात एक प्रकारची स्थिरता होती. आलेल्या दिवशी जी वाट दाखवली गेली, तीच चौथ्या वर्षी समोर असे.

उत्पन्नाचा गुणपत्रिकेत प्रवेश

जानेवारी २००२ मध्ये ब्रिटनने ‘हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅम’ सुरू केला आणि या इतिहासाला निराळे वळण लागले. या योजनेखाली येणाऱ्याला आधी नोकरी मिळवण्याची गरज नव्हती. शिक्षण, कामाचा अनुभव, पूर्वीचे उत्पन्न आणि आपल्या क्षेत्रातील विशेष कामगिरी यांना गुण होते. ७५ गुण झाले की प्रवेश. ऑक्टोबर २००३ मध्ये ही मर्यादा ६५ वर आणली गेली. अर्जदाराचे उत्पन्न त्याच्या देशातील वेतनमानाच्या संदर्भात मोजले जाई, कारण मुंबईतील पगार पौंडांत रूपांतरित करून लंडनच्या पगाराशेजारी ठेवणे निरर्थक ठरले असते. एवढा विवेक योजनाकारांनी दाखवला होता, हे नमूद करणे न्याय्य होईल.

उत्पन्न येथे प्रथमच कौशल्याची खूण म्हणून अवतरले. मात्र ते चार खुणांपैकी एक होते. ज्याचा पगार बेताचा पण अनुभव दांडगा, त्यालाही वाट होती. मुदतवाढीची अट तर आणखी सौम्य होती : अर्जदार ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे आर्थिक व्यवहारात गुंतलेला असावा, किंवा त्याने तसे होण्यासाठी वाजवी प्रयत्न केलेले असावेत. नव्या देशात पहिली नोकरी मिळायला वेळ लागतो आणि ती बहुधा योग्यतेपेक्षा खालचीच मिळते, याची जाण या शब्दयोजनेत होती.

त्याच्या बदल्यात योजनेने एक मागणी केली होती. अर्जदाराने ब्रिटन हेच आपले मुख्य घर करण्याचा इरादा लेखी द्यायचा होता. त्यानुसार अनेकांनी मायदेशातील नोकऱ्या सोडल्या, घरे विकली, मुलांच्या शाळा बदलल्या. आणि योजना पुढे बदलली तर काय, या प्रश्नाला शासनाच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच उत्तर होते : जे आधीच योजनेखाली आले आहेत, त्यांना बदल काहीही झाले तरी राहता येईल आणि चार वर्षांच्या वास्तव्यानंतर स्थायिक होण्यासाठी अर्ज करता येईल. पुढील सर्व वाद या उत्तराभोवती फिरला.

२००६ चे बदल आणि वचनाचा प्रश्न

पहिला धक्का ३ एप्रिल २००६ रोजी बसला. कायम वास्तव्यासाठीचा चार वर्षांचा काळ पाच वर्षांचा करण्यात आला आणि तो आधीपासून देशात असलेल्यांनाही लागू झाला. ज्याची चार वर्षे मे महिन्यात भरणार होती, त्याला आणखी एक वर्ष थांबावे लागले. हा बदल जाचक होता, पण निदान सहन करण्याजोगा तरी होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात योजना एकाएकी स्थगित झाली आणि डिसेंबरमध्ये ती नव्या रूपात पुढे आली. अनुभव आणि विशेष कामगिरी यांचे गुण काढून टाकण्यात आले. शिक्षण, मागील उत्पन्न आणि वय यांवर ७५ गुण मिळवायचे होते. इंग्रजीची अट वेगळी होती. आणि हीच कसोटी मुदतवाढ मागणाऱ्या जुन्या लोकांनाही लावण्यात आली.

या नव्या गुणपत्रिकेचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. वयाची पस्तिशी ओलांडलेला, केवळ पदवी असलेला एक अभियंता घेऊ. पदवीचे ३० गुण, ब्रिटनमधील आधीच्या कामाचे ५ आणि वयाचे शून्य. उरलेले ४० गुण उत्पन्नातूनच यायला हवेत, आणि ४० गुणांसाठी मागील बारा महिन्यांत किमान ३५,००० पौंड मिळवलेले असणे आवश्यक होते. आता पंचविशीतील, पदव्युत्तर पदवी असलेला तरुण घेऊ. त्याला पदवीचे ३५, वयाचे २० आणि कामाचे ५ असे ६० गुण आधीच हातात; त्याला २०,००० पौंड पुरत. पंधरा वर्षांच्या अनुभवाची किंमत शून्य आणि अनुभवाच्या अभावाची किंमत २० गुण, असा हा हिशेब होता. डॉक्टरांपासून अभियंत्यांपर्यंत, ज्यांना अनुभवाच्या बळावर बोलावून घेतले होते, त्यांच्याच पायाखालची जमीन यामुळे सरकली.

शासनाची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हेही पाहिले पाहिजे. योजनेखाली आलेले काही लोक कमी कौशल्याच्या कामांत अडकले आहेत. ज्या हेतूने त्यांना आणले तो साध्य होत नाही. आणि आर्थिक योगदान मोजण्याचे वस्तुनिष्ठ, पडताळण्याजोगे साधन म्हणजे उत्पन्न, असा तिचा युक्तिवाद होता. पगारपत्रक तपासता येते, ‘विशेष कामगिरी’ तपासणे अधिकाऱ्याला अवघड जाते. प्रशासनाच्या सोयीच्या दृष्टीने हे खरे आहे. परंतु हा युक्तिवाद फार तर पुढे येणाऱ्यांसाठी नियम बदलण्याचे समर्थन करतो. आधीच आलेल्यांना दिलेला शब्द का मोडावा, याचे उत्तर त्यात नाही.

ब्रिटिश संसदेच्या मानवी हक्कविषयक संयुक्त समितीने ऑगस्ट २००७ च्या अहवालात या बदलांवर कठोर टीका केली. बाधित स्थलांतरितांनी ‘एचएसएमपी फोरम’ ही संस्था उभी करून उच्च न्यायालयात धाव घेतली होती. ८ एप्रिल २००८ रोजी न्यायमूर्ती सर जॉर्ज न्यूमन यांनी निकाल दिला. मूळ योजनेच्या अटी पाळल्या गेल्या पाहिजेत, चांगल्या प्रशासनाची आणि सरळ व्यवहाराची तीच मागणी आहे, आणि योजनेत आलेल्यांना मूळ स्वरूपातील लाभ नाकारण्यास पुरेसे कारण दिसत नाही, असा त्याचा आशय होता. पुढील वर्षी, ६ एप्रिल २००९ रोजी, न्यायमूर्ती कॉक्स यांनी चार वर्षांच्या मुदतीबाबतही स्थलांतरितांच्या बाजूने निर्णय दिला.

या दोन निकालांचे महत्त्व त्यांच्या तात्कालिक परिणामापलीकडे जाते. उत्पन्नाची अट अन्यायकारक आहे, असे न्यायालयाने कोठेही म्हटले नाही. शासनाला धोरण बदलण्याचा अधिकार नाही, असेही म्हटले नाही. शासनाने लेखी काही सांगितले, त्यावर विसंबून माणसाने आपले आयुष्य हलवले, तर त्या सांगण्याला कायदेशीर वजन प्राप्त होते, एवढेच न्यायालयाने मानले. प्रशासकीय कायद्यातील ‘वाजवी अपेक्षा’ या तत्त्वाचे हे स्वच्छ उदाहरण होय. मात्र याच निकालांत एक पळवाटही दडली होती. वचन दिले म्हणून बांधले गेलो, तर पुढे वचनच न देणे, हा शहाणपणा शासनाने त्यातून घ्यावा, यात नवल नाही.

पस्तीस हजार पौंड

२००८ पासून ब्रिटनने सर्व योजना एकत्र करून पाच ‘टियर’ असलेली गुणाधारित व्यवस्था आणली. नोकरीशिवाय येणाऱ्या उच्चकुशल लोकांसाठी ‘टियर वन जनरल’ आणि मालकाच्या प्रायोजनावर येणाऱ्यांसाठी ‘टियर टू’ असे मार्ग झाले. २०१० मध्ये आलेल्या आघाडी सरकारातील प्रमुख पक्षाने, म्हणजे हुजूर पक्षाने, निव्वळ स्थलांतर वर्षाला लाखाच्या आत आणण्याचे लक्ष्य जाहीर केले होते. पहिला मार्ग नव्या अर्जदारांसाठी टप्प्याटप्प्याने बंद झाला. दुसऱ्या मार्गावर एप्रिल २०११ पासून वर्षाला २०,७०० ची मर्यादा आली. तथापि येणाऱ्यांची संख्या कमी करण्याला मर्यादा असते, हे सरकारच्या लक्षात आले होते. तेव्हा लक्ष वळले ते राहून जाणाऱ्यांकडे.

प्राध्यापक डेव्हिड मेटकाफ यांच्या अध्यक्षतेखालील स्थलांतर सल्लागार समितीला स्थायिक होण्याच्या निकषांबाबत मत विचारले गेले. समितीने नोव्हेंबर २०११ मध्ये अहवाल दिला. आर्थिक योगदान मोजण्याचे सर्वांत सोयीचे साधन पगार होय, असे मानून तिने ३१,००० ते ४९,००० पौंडांचा पट्टा सुचवला. तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यातून ३५,००० हा आकडा निवडला. एप्रिल २०११ नंतर ‘टियर टू’मधून आलेल्यांना एप्रिल २०१६ पासून तो लागू होणार होता. पीएच.डी. पातळीच्या नोकऱ्या आणि तुटवड्याच्या यादीतील व्यवसाय यांना सूट होती. ज्याला हा आकडा गाठता येणार नाही, त्याने कमाल सहा वर्षे राहून परत जायचे होते.

२००६ शी तुलना करता येथील फरक लगेच ध्यानात येतो. या वेळी चार वर्षे आधी सूचना देण्यात आली होती आणि सरसकट सर्व जुन्या लोकांना नियम लावलेला नव्हता. न्यायालयीन पराभवातून घेतलेला धडा यात स्पष्ट दिसतो. पण अटीचा आशय मात्र अधिक कठोर झाला होता. पूर्वी उत्पन्न हे अनेक गुणांपैकी एक होते; आता बहुसंख्यांसाठी ते एकटेच निर्णायक ठरले. प्रवेशासाठी किमान पगार २०,००० पौंड होता आणि राहण्यासाठी ३५,०००. दोन्ही आकड्यांमधील १५,००० पौंडांच्या दरीचा अर्थ उघड होता : तुमचे काम आम्हांला हवे आहे, तुम्ही नको.

ही दरी सर्वांत ठळकपणे दिसली ती परिचारिकांच्या बाबतीत. राष्ट्रीय आरोग्य सेवेतील परिचारिकेची पहिली वेतनश्रेणी त्या वेळी साधारण २१,००० ते २८,००० पौंडांची होती. ही श्रेणी शासनाशी निगडित यंत्रणाच ठरवते. म्हणजे एका खात्याने ठरवलेल्या वेतनावर काम करणाऱ्या बाईला, ते वेतन अपुरे म्हणून, दुसरे खाते देशाबाहेर घालवणार होते. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने जून २०१५ मध्ये इशारा दिला की, या अटीमुळे २०१७ पर्यंत तीन हजारांहून अधिक परिचारिकांना परत जावे लागेल. परिचारिका तयार करायला पैसा लागतो, आणि भारत व फिलिपिन्ससारखे देश तो खर्च आधीच सोसून बसलेले असतात, हा मुद्दा त्या चर्चेत फारसा आला नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये परिचारिकांना तुटवड्याच्या यादीत घालण्यात आले आणि त्यांच्यापुरता प्रश्न सुटला. पण तो सुटला अपवादाने. पगार हे कौशल्याचे माप नव्हे, असे मान्य केल्याने तो सुटलेला नाही. शिक्षक, धर्मादाय संस्थांतील कर्मचारी, कलावंत, लंडनबाहेर कमी वेतनावर काम करणारे तंत्रज्ञ हे अटीच्या कक्षेतच राहिले. लंडनचे पगार आणि ईशान्य इंग्लंडचे पगार यांतील अंतर सर्वश्रुत असूनही आकडा देशभर एकच होता. अटीविरुद्धच्या याचिकेवर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि ७ मार्च २०१६ रोजी संसदेत तिच्यावर चर्चा झाली. महिन्याभराने अट अमलात आली.

याच काळातील आणखी एक विसंगती भारतीय वाचकाला विशेष जवळची वाटेल. पुणे, मुंबई, बंगळूर येथील संगणक कंपन्या आपल्या अभियंत्यांना कंपनीअंतर्गत बदलीच्या मार्गाने ब्रिटनला पाठवीत. एप्रिल २०११ पासून दीर्घकालीन बदलीसाठी किमान ४०,००० पौंड पगार बंधनकारक झाला. म्हणजे हे अभियंते ३५,००० ची रेषा सहज ओलांडून होते. परंतु ६ एप्रिल २०१० नंतर या मार्गाने आलेल्यांना कायम वास्तव्याचा हक्कच काढून घेण्यात आला होता. उत्पन्न हेच योगदानाचे खरे माप असते, तर या लोकांना प्रथम ठेवून घ्यायला हवे होते. तसे झाले नाही. यावरून असे अनुमान काढता येते की, पगार हा कधी निकष असे आणि कधी निमित्त. मूळ उद्देश संख्या आवरण्याचा होता.

जुनी पगारपत्रके

बंद झालेल्या ‘टियर वन जनरल’ मार्गावरील लोकांची कहाणी या इतिहासातील बहुधा सर्वांत क्लेशकारक ठरेल. या मार्गात मुदतवाढीसाठी उत्पन्नाचे गुण लागत आणि स्वयंरोजगाराचे उत्पन्नही धरले जाई. त्यामुळे पगार अधिक स्वतंत्र कामाचे पैसे असा हिशेब अनेकांनी गृहखात्याला सादर केला होता. पाच वर्षे भरून हे लोक २०१६ नंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करू लागले, तेव्हा गृहखात्याने त्यांचे जुने आकडे करखात्याकडील विवरणपत्रांशी ताडून पाहण्यास सुरुवात केली. तफावत दिसली की इमिग्रेशन नियमावलीतील ३२२ (५) या कलमाखाली अर्ज फेटाळला जाई. वर्तन, चारित्र्य किंवा राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून एखादी व्यक्ती देशात असणे इष्ट नाही, असे सांगणारे हे कलम. दहशतवाद आणि गंभीर गुन्हे यांच्या संदर्भात ओळखले जाणारे हे कलम प्राध्यापक, अभियंते, हिशेबनीस यांच्या माथी आले.

यांतील काहींनी गृहखात्याला उत्पन्न फुगवून सांगितले होते किंवा करखात्याला कमी दाखवले होते, हे नाकारता येत नाही. उत्पन्नाला गुण लावले की उत्पन्न वाढवून दाखवण्याचा मोह निर्माण होतो, हा मानवी स्वभाव आहे. पण सर्व प्रकरणे तशी नव्हती. आर्थिक वर्ष आणि अर्जापूर्वीचे बारा महिने हे दोन काळ एकच नसतात. लेखापालाची चूक होते आणि ती लक्षात आल्यावर विवरणपत्र कायदेशीरपणे दुरुस्तही करता येते. चूक आणि अप्रामाणिकपणा यांतील फरक अधिकारी करीत नव्हते, आणि अर्जदाराला खुलासा करण्याची संधीही देत नव्हते. अर्ज फेटाळला गेल्यावर नोकरी करण्याचा, घर भाड्याने घेण्याचा, आरोग्यसेवा घेण्याचा हक्क जाई. १६ एप्रिल २०१९ रोजी अपील न्यायालयाने ही कार्यपद्धती सदोष ठरवली. अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवण्यापूर्वी संशय कळवून खुलासा मागितलाच पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. काहींच्या बाबतीत तोवर दोन-तीन वर्षे निघून गेली होती.

या प्रकरणात उत्पन्नाच्या अटीचे आणखी एक रूप दिसते. ती एका दिवशी पूर्ण करून संपत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वीचे पगारपत्रक पुन्हा उघडले जाऊ शकते आणि त्यावरून माणसाचे चारित्र्य ठरवले जाऊ शकते. आर्थिक माप येथे नैतिक माप झाले.

आकडा उतरतो, चढतो आणि करपायऱ्यांना भिडतो

पस्तीस हजारांची अट थोडी थोडी वाढत २०१९ मध्ये ३५,८०० वर पोहोचली होती. ब्रेक्झिटनंतर मात्र चक्र उलटे फिरले. युरोपातून मुक्तपणे येणाऱ्यांचा ओघ थांबणार असल्याने उद्योगांना माणसे हवी होती. जानेवारी २०२० मध्ये सल्लागार समितीने नव्या व्यवस्थेत सर्वसाधारण वेतनमर्यादा २५,६०० पौंड असावी, अशी शिफारस केली. १ डिसेंबर २०२० पासून ‘स्किल्ड वर्कर’ मार्ग सुरू झाला, तेव्हा कायम वास्तव्याची स्वतंत्र चढी अट रद्द झाली आणि प्रवेश व वास्तव्य यांची मापे पुन्हा सर्वसाधारणपणे जुळली. जो माणूस नोव्हेंबर २०२० मध्ये ३० हजार पौंड पगारावर राहण्यास अपात्र होता, तो त्या व्यवसायाचे प्रचलित वेतन घेत असल्यास डिसेंबरात पात्र झाला. त्याचे कौशल्य महिन्याभरात वाढले नव्हते. ज्यांना २०१६ ते २०२० या काळात परत जावे लागले, त्यांचे काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

उतरलेला आकडा फार काळ खाली राहिला नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वसाधारण वेतनमर्यादा ३८,७०० पौंडांवर नेण्यात आली. या मार्गावर आधीच असलेल्यांसाठी २९,००० ची सवलत ठेवण्यात आली. जुलै २०२५ मध्ये सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० झाली. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेने कायम वास्तव्यासाठीचा सर्वसाधारण काळ पाचांऐवजी दहा वर्षे करण्याचा मानस जाहीर केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी त्याचा तपशील लोकांच्या अभिप्रायासाठी मांडला.

या प्रस्तावातील आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. ज्याचे करपात्र उत्पन्न ठरावीक काळ ५०,२७० पौंड असेल, त्याला पाच वर्षांची सूट. १,२५,१४० असेल, त्याला सात वर्षांची, म्हणजे तो तीन वर्षांतच स्थायिक होऊ शकेल. आणि कोणालाही किमान १२,५७० पौंडांचे उत्पन्न काही वर्षे दाखवावे लागेल. हे तिन्ही आकडे ब्रिटनच्या प्राप्तिकरातून थेट उचललेले आहेत. १२,५७० ही करमुक्त उत्पन्नाची मर्यादा, ५०,२७० पासून वरचा दर सुरू होतो आणि १,२५,१४० पासून सर्वोच्च दर. १९६२ मध्ये पदवी, १९७३ मध्ये मालकाची गरज, २००२ मध्ये गुणांचे मिश्रण, २०१६ मध्ये पगाराचा एकच आकडा आणि आता करपायरी, असा हा प्रवास आहे. कौशल्य हा शब्द योजनेच्या नावात राहिला. हिशेबातून तो हळूहळू निघून गेला. उत्पन्नावर काळ विकत घेता येतो, ही कल्पना यापूर्वी इतक्या उघडपणे मांडली गेली नव्हती. सार्वजनिक सेवेतील उच्चकुशल व्यवसायांसाठी स्वतंत्र सूट सुचवली आहे, हे खरे. परिचारिकांच्या प्रकरणाची आठवण शासनाला असावी. पदवीपेक्षा खालच्या पातळीच्या कामांवर बोलावलेल्यांना मात्र पंधरा वर्षांची मुदत सुचवण्यात आली. त्यांत कोविडनंतर मोठ्या संख्येने आणलेल्या वृद्धसेवा कर्मचाऱ्यांचा समावेश होता.

सदर प्रस्ताव पुढे येणाऱ्यांपुरता मर्यादित नव्हता. देशात आधीच असलेल्या, पण अद्याप कायम वास्तव्य न मिळालेल्या लोकांनाही तो लागू करण्याचे त्यात सुचवले होते. त्यांच्यासाठी काही संक्रमणकालीन तरतूद असावी काय, हा मुद्दा अभिप्राय मागवण्याच्या प्रश्नावलीत ठेवण्यात आला. जुन्या योजनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत हाच प्रश्न अर्जदाराने शासनाला विचारलेला होता आणि त्याच्याखाली उत्तर छापलेले होते.